वेशीबाहेरची आगगाडी

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. बोरीबंदर-ठाणे गाडी धावल्याला तोवर १७२ वर्षे उलटली होती. हा विलंब आपण साधारणपणे मागासलेपणाच्या सदरात टाकून मोकळे होतो. परंतु लोहमार्ग कोणत्या गावाला शिवतो आणि कोणत्या गावाला वळसा घालतो, यामागे त्या-त्या काळातील सत्तेचा आणि व्यापाराचा हिशेब असतो. तो तपासल्याखेरीज बीडची कहाणी कळणार नाही.

निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद हा मीटरगेज मार्ग पुरा झाला. तो औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा गोदावरीच्या खोऱ्यातून गेला. बालाघाटाच्या डोंगररांगेलगतचे बीड बाजूला राहिले. पुढे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळी वैजनाथला रेल्वे आली, पण जिल्ह्याचे मुख्य ठाणे कोरडेच राहिले.

याच काळात दक्षिणेकडे एक निराळा प्रयोग चालू होता. मुंबई-सोलापूर हा मोठा मार्ग बार्शीसारख्या व्यापारी पेठेला डावलून गेला होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवर गाडी सुरू केली. ‘लाइट’ या शब्दाचा अर्थ येथे नेमका घ्यावा लागतो. प्रत्येक आसावरील भार ५ टनांच्या आत ठेवायचा, तो सर्व आसांवर सारखा वाटायचा, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि वळणे तीव्र घेता येतात, असे त्याचे गणित होते. मोठ्या रेल्वेपुढे गावाला सरकावे लागते. ही लहान रेल्वे गावाकडे वळू शकत होती. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतील लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली.

लातूरला पुढे जे घडले ते विशेष अभ्यसनीय आहे. रेल्वे आल्यानंतर काही वर्षांतच, १९१७ च्या सुमारास, तेथे गंजगोलाईची आखणी झाली. मधोमध वर्तुळाकार वास्तू आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते, अशी ही रचना. आज आपण तिला लातूरचे ‘ऐतिहासिक केंद्र’ म्हणतो. पण हे केंद्र रेल्वेहून वयाने लहान आहे. जुन्या गावाभोवती लोहमार्ग आखावा ही आपली नेहमीची कल्पना येथे उलटी होते. बाजारच गाडीच्या मागोमाग आखला गेला.

१९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने विकत घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकात लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला आणि नव्या आखणीमुळे उस्मानाबादला, आजच्या धाराशिवला, स्थानक मिळाले. लातूरचे नवे स्थानक मात्र गावाबाहेर गेले आणि शहरातील जुन्या मार्गाची जागा मोकळी पडली. एका गावाने मिळवले, एकाने थोडेसे गमावले. रुंदीकरणाच्या उत्साहात या दुसऱ्या बाजूची नोंद क्वचितच घेतली गेली.

आता बीडकडे वळू. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५-९६ मध्ये मंजुरी मिळाली. सुरुवातीचा अंदाज होता ३५३ कोटी रुपयांचा; काम रेंगाळले तसा तो हजारो कोटींवर गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि बीडला पोचायला आणखी ३ वर्षे लागली. परळीपर्यंतचा टप्पा त्या दिवशीही बाकीच होता.

स्थानक अर्थातच जुन्या वस्तीबाहेर आहे. बिंदुसरेच्या काठची जुनी पेठ, पाण्यात उभे असलेले कंकालेश्वराचे देऊळ, वेशींच्या खुणा, हे सारे ब्रॉडगेजच्या वाटेत येऊ नये हे योग्यच. १६ व्या शतकातील खजाना बावडी बांधणाऱ्यांनी भुयारी पाटांनी पाणी दूरवर शेतांपर्यंत नेले होते. गावाबाहेरचे गावाशी कसे जोडावे, हे या भूमीला नवे नाही. प्रश्न आहे तो स्थानक आणि पेठ यांमधल्या अंतराचा. ते अंतर सार्वजनिक वाहनाने, परवडेल अशा भाड्यात भरून निघाले नाही, तर रेल्वे स्थानकाभोवतीच्या भूखंडांची होईल, गावाची होणार नाही.

आणि ती कोणाची व्हावी? दसऱ्यानंतर या जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर संसार गुंडाळून पश्चिमेकडे जातात. त्यांची वाट आजवर ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाडीची राहिली आहे. त्यांचा प्रवास उचल देणारा मुकादम ठरवतो, वेळापत्रक नव्हे. मराठवाड्यातील मराठी साहित्याने त्यांच्या वाटेकडे पुरेसे पाहिले का, हे आपण अध्यापकांनी स्वतःला विचारावे. कॅलथ्रॉपची गाडी कापसासाठी आली आणि तिने माणसेही वाहिली. बीडची गाडी माणसांसाठी मागितली गेली होती. ती कोणती माणसे, याचे उत्तर उद्घाटनाच्या फलकावर सापडत नाही; ते डब्यात बसलेल्यांकडे पाहून द्यावे लागेल.