तळटीप : एकच नाव, दोन मांडण्या
* एकाच नावाच्या स्ट्रक्चरची मांडणी दोन फाइलींत वेगळी ठरते, याचा दोष मूळ मजकुरात लिंकरवर ठेवला आहे. तो न्याय्य वाटत नाही. सी भाषेत प्रत्येक सोर्स फाइल स्वतंत्रपणे कंपाइल होते. लिंकर जुळवतो ती फक्त नावे. स्ट्रक्चरची मांडणी त्याच्यापर्यंत सहसा पोचतच नाही. एका फाइलीत कॅरॅक्टरनंतरचा चार बाइटांचा इंट बहुधा ऑफसेट ४ वर बसतो, तर दुसरीत पॅकिंग एका बाइटाचे असल्यास ऑफसेट १ वर. मेमरीतले बाइट तेच, वाचलेला आकडा भलताच. १९४८ पर्यंत निजामी राज्यात असलेल्या औरंगाबादच्या महसुली कागदावरचे फसली १३५७ इसवी सन म्हणून वाचले, तर १९४७-४८ चा व्यवहार ५९० वर्षे मागे जातो, तसेच हे.

हेडर एकच ठेवले की प्रश्न मिटतो, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. हेडरच्या आधी उघडा राहिलेला प्रॅग्मा पॅक किंवा एकाच फाइलीपुरता दिलेला मॅक्रो तेच हेडर वेगळे वाचायला लावतो, आणि प्रमाणानुसार कंपायलरवर इशारा देण्याचे बंधन नाही. म्हणून २०११ च्या प्रमाणातले स्टॅटिक असर्ट हेडरमध्येच घालून आकार आणि ऑफसेट तपासावेत. ती तपासणी प्रत्येक फाइलीत होते. पुन्हा कंपाइल न केलेली जुनी ऑब्जेक्ट फाइल मात्र त्यातूनही निसटते. तिच्यासाठी मेकफाइलीत हेडरचे अवलंबित्व नोंदवावेच लागते. — संपादक