अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर

अनाथ मुलाने मोठेपणी पोट कसे भरावे, या प्रश्नाला भारतातल्या कायद्याने दिलेल्या जुन्या उत्तरांपैकी एक १८५० च्या १९ व्या कायद्यात सापडते. शिकाऊ उमेदवारांसाठी कंपनी सरकारने केलेल्या या कायद्याची प्रस्तावना हेतू स्पष्ट सांगते: मुलांनी, विशेषतः धर्मादायावर वाढलेल्या अनाथ आणि गरीब मुलांनी, कसब शिकावे आणि वयात आल्यावर त्यावर उपजीविका करावी. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला उस्तादाकडे कराराने ठेवता येई. कराराची मुदत सात वर्षांपेक्षा जास्त नसे. मुलगा एकवीस वर्षांचा झाला, किंवा मुलीचे लग्न झाले, की करार संपे. अनाथ मुलाच्या वतीने पालक म्हणून मॅजिस्ट्रेट किंवा धर्मादाय संस्थेचे व्यवस्थापक उभे राहत.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मूल करारात बांधले जाई, आणि मुलीचे भवितव्य तिच्या लग्नाशी जोडलेले होते. तरीही एक गोष्ट कलमांतून निर्विवाद दिसते. अठरावे वर्ष ही करारात शिरण्याची शेवटची मर्यादा होती. आधार तिथे तुटत नव्हता.

आता २०१५ चा बाल न्याय अधिनियम शेजारी ठेवून वाचू. इथे अठरा पूर्ण झाली की ‘बालक’ ही कायदेशीर ओळख संपते. पुढच्या मदतीसाठी कलम ४६ आहे, पण त्याची भाषा ऐच्छिक आहे: बालगृह सोडणाऱ्याला आर्थिक साहाय्य देता येईल. २०१६ च्या आदर्श नियमांत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या मदतीची, मुदत एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे ठेवली आहे.

या तरतुदी कोणासाठी आहेत? अधिनियमाच्या कलम २ मध्ये अनुरक्षणाची व्याख्या आहे, ती ‘संस्थात्मक’ संगोपनातून बाहेर पडलेल्यांपुरती. कलम ४६ मध्येही उल्लेख बालगृहाचाच. त्याच अधिनियमाचे कलम ४४ मात्र मुलाला प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे फोस्टर केअरमध्ये, ठेवण्याची वाट उघडते. बेंगळुरूतल्या बालकल्याण समितीने सोळा वर्षांच्या अनाथ मुलीला अशा कुटुंबात पाठवले, तर निर्णय मुलीच्या भल्याचाच असेल. पण दोन वर्षांनी बालगृहातल्या तिच्या मैत्रिणीकडे कलम ४६ चा आधार असेल. कुटुंबात राहिलेल्या या मुलीचे नाव त्या कलमात बसत नाही.

दत्तकाचा मार्गही तिच्यासाठी अरुंद आहे. फोस्टर केअरबाबतच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रतिपालक कुटुंबाला पाचऐवजी दोन वर्षांनी मूल दत्तक घेण्याची मुभा दिली. लहान मुलांना याचा मोठा लाभ होईल. पण सोळावे ओलांडल्यावर कुटुंबात आलेल्या मुलीची दोन वर्षे भरेपर्यंत ती कायद्याच्या दृष्टीने बालकच उरत नाही.

अभ्यासकांची नजरही बालगृहाच्या दारावरच राहिली आहे. ‘उदयन केअर’ या संस्थेने २०१९ मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या ४३५ तरुणांचा मोलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. निवारा, शिक्षण, कमाई, ओळखपत्रे, मनःस्वास्थ्य असे प्रश्न त्यात आले. मात्र विषय होता बालगृह सोडणाऱ्यांचा.

महाराष्ट्रातले शासन निर्णय हीच कहाणी पुढे नेतात. गोव्यातल्या संस्थेत वाढलेली एक तरुणी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पुरेसे गुण मिळवूनही नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राअभावी अडली. तिने दाद मागितली, आणि २ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने अनाथांना एक टक्का आरक्षण मिळाले. त्याचा लाभ मुख्यतः ज्यांचे आईवडील, नातलग, जात यांपैकी काहीच ठाऊक नाही, अशांना होता. आईवडील गेल्यावर आजी किंवा मामाकडे वाढलेले मूल त्यात येत नव्हते. २०२१ मध्ये प्रवर्ग वाढवून अशा मुलांनाही सामावून घेतले गेले, आणि २०२३ च्या निर्णयात संस्थात्मक व संस्थाबाह्य असे दोन गट झाले. म्हणजे संस्थेबाहेरचा अनाथ सरकारी व्याख्येत आला, पण उशिरा. कुटुंबात वाढणाऱ्या मुलांसाठीच्या राज्याच्या बालसंगोपन योजनेचे अनुदान २०२३ मध्ये महिना २,२५० रुपये झाले, तेही अठरा वर्षांपर्यंतच.

मुलाला संस्थेपेक्षा कुटुंब बरे, हे आजचे धोरण आहे आणि ते योग्यच आहे. म्हणूनच अधिनियमातली व्याख्या आणि कलम ४६ दोन्हींत प्रतिपालक कुटुंबातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचा स्पष्ट समावेश व्हायला हवा, आणि ‘देता येईल’च्या जागी सरकारचे बंधन यायला हवे. तोवर राज्यांनी आपल्या नियमांतून आणि योजनांतून ही मुले सामावून घ्यावीत. घर मिळाले म्हणून एखाद्या मुलीने तिच्या हक्काचा आधार गमवावा, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.