ऑड फेलो बंधुसंघ : उदय आणि ओहोटी

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव पुढे आला होता. आपद्ग्रस्त साहाय्य निधी बंद करावा आणि त्यातील शिल्लक सभागृहाच्या नूतनीकरणाकडे वळवावी, असा तो ठराव. मांडणाऱ्यांचे म्हणणे निराधार होते असे नाही. निधीकडे येणारे अर्ज अलीकडे बोटांवर मोजण्याइतके; आरोग्यविमा बहुतेक घरांत पोचलेला; आणि सभागृहाचे छप्पर तर पावसाळ्यात गळते, हे सर्वांनीच पाहिलेले. सभेने निर्णय पुढील वर्षावर ठेवला. तो वाद ऐकत असता आम्हास सातासमुद्रांपलीकडील एका जुन्या बंधुसंघाचा इतिहास वारंवार आठवत होता. तो ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, मग ज्याने त्याने आपले मत ठरवावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

या संघाचे नाव ‘ऑड फेलो’. त्याच्या शाखेस लॉज म्हणतात. लॉज म्हटले की आपल्याकडे राहण्याजेवणाची सोय डोळ्यांपुढे येते. येथे मात्र त्याचा अर्थ बंधुसंघाची स्थानिक शाखा आणि तिची बैठकीची जागा, असा घ्यावयाचा. फ्रीमेसनांच्या लॉजविषयी पुष्कळांनी ऐकलेले असेल. ऑड फेलो हे त्याच कुळीचे. पण फ्रीमेसनांत धनिक व प्रतिष्ठितांचा भरणा, तर ऑड फेलोंत लोहार, विणकर, गाडीवान, लहान दुकानदार अशा कष्टकरी लोकांचा.

नावाची व्युत्पत्ती निश्चित नाही. एक मत असे की, ज्यांच्या धंद्याला स्वतःची श्रेणी नव्हती असे किरकोळ धंद्यांचे लोक यात एकत्र आले, म्हणून हे ‘सुटे गडी’. दुसरे मत असे की, सामान्य माणसांनी एकमेकांच्या साहाय्यासाठी पैसे जमवावे हेच त्या काळी लोकांना विचित्र वाटले. संघाची स्वतःची परंपरा मात्र याहून पुष्कळ मागे जाते. तीत बाबिलोनला हद्दपार झालेले यहुदी येतात, नीरो बादशहाच्या छावणीतील रोमन शिपाई येतात, आणि हे नाव टायटस बादशहाने दिले, असेही सांगितले जाते. इतिहासाला यातले काहीच मान्य नाही. लंडनमधील एका शाखेचे १७४८ सालचे नियम उपलब्ध आहेत. त्यामागे भक्कम पुरावा फारसा जात नाही. वाचकांनी याबद्दल त्या लोकांना हसू नये. आपापली उत्पत्ती एखाद्या ऋषीपर्यंत नेऊन भिडविण्याची हौस आम्हांपैकी कोणत्या ज्ञातीला नाही? गरीब माणसाला थोर पूर्वज लाभला की त्याची मान थोडी ताठ होते. मात्र संस्था चालते ती पूर्वजांच्या पुण्याईवर नव्हे. ऑड फेलो कशावर चालले, तेच येथे पाहावयाचे आहे.

इंग्लंडात कारखाने वाढले, खेड्यातला माणूस शहरात आला आणि त्याचे गणगोत मागे राहिले. तो आजारी पडला की मजुरी बंद, आणि मेला तर तिरडीला खांदा देणारे कोणी नाही, अशी स्थिती. १८३४ च्या कायद्याने धडधाकट गरिबाला मदत मिळावयाची ती शक्यतो ‘वर्कहाऊस’ नामक दरिद्रगृहात राहावयास गेल्यावरच, असे धोरण ठरले. त्याआधी १८३२ च्या कायद्याने, अशा गृहांत बेवारस मरणाऱ्यांची प्रेते विच्छेदनासाठी वैद्यकीय शाळांस देण्याची मुभा झाली होती. आपल्या देहाची अशी विटंबना होऊ नये म्हणून मजूर पोटाला चिमटा घेऊन आठवड्याची वर्गणी भरू लागला. १८१० साली मँचेस्टर येथे संघटित झालेली ऑड फेलोंची शाखासंहती याच भीतीतून आणि याच गरजेतून फोफावली.

अमेरिकेत हे रोप नेले ते टॉमस वाइल्डी नावाच्या लोहाराने. हा लंडनचा, १८१७ साली तो बाल्टिमोर येथे आला. नवे शहर, ओळख ना पाळख. त्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन जुन्या ऑड फेलोंना हाक दिली आणि २६ एप्रिल १८१९ रोजी ‘सेव्हन स्टार्स’ नावाच्या खाणावळीत अवघ्या पाच जणांनी पहिली शाखा स्थापिली. १८५१ मध्ये स्त्रियांसाठी ‘रिबेका’ नावाची पदवी सुरू झाली. १८९७ साली एका अमेरिकन नियतकालिकाने त्या देशातील सर्व बंधुसंघांची मिळून सभासदसंख्या सुमारे ५५ लाख मांडली. त्यांत ऑड फेलो सुमारे ८ लाख १० हजार, म्हणजे फ्रीमेसनांहूनही अधिक होते.

बाहेरच्या लोकांना कुतूहल वाटे ते त्यांच्या गुप्त विधींचे. दाराला झरोका, परवलीचा शब्द सांगितल्यावाचून प्रवेश नाही. नवागताच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला खोलीभर फिरवीत आणि पट्टी काढताच मिणमिणत्या उजेडात त्याच्यापुढे मानवी सांगाडा दिसे. तूही एक दिवस असाच होणार, तेव्हा अभिमान टाक, हा त्यातील उपदेश. पुढील पायऱ्यांवर बायबलातील डेव्हिड व जोनाथन यांच्या मैत्रीचा प्रसंग, आणि वाटेत घायाळ पडलेल्या परक्याला उचलून नेणाऱ्या शोमरोन्याची कथा सोंगे घेऊन दाखवीत. मैत्री, प्रेम व सत्य यांच्या तीन गुंफलेल्या कड्या हे त्यांचे चिन्ह. पुढे शाखा बंद पडून इमारती विकल्या गेल्या तेव्हा माळ्यावर किंवा भिंतीच्या पोकळीत हे सांगाडे सापडून नवे मालक भयभीत झाल्याचे आणि पोलिसांना पाचारण केल्याचे प्रसंग घडले आहेत.

पण सांगाडा पाहण्यासाठी कोणी जन्मभर वर्गणी भरीत नसतो. रुग्णाची भेट घ्यावी, आपद्ग्रस्ताचे दुःख हलके करावे, मृतास मूठमाती द्यावी आणि पोरक्या मुलास शिकवावे, अशी चार कर्तव्ये सभासदावर होती. आजारी सभासदाला ठरलेली साप्ताहिक रक्कम मिळे. ती घेऊन शाखेची भेट-समिती घरी जाई. दुखणे खरे की सोंग, हेही ती पाहून येई. दुखणे विकोपाला गेले तर सभासदांनी पाळीपाळीने रात्री उशाशी जागावे, असा नेम होता. पुढे काही संघांच्या शाखा डॉक्टरही नेमू लागल्या. माणशी वर्षाला एकदोन डॉलर, म्हणजे मजुराची साधारण एका दिवसाची कमाई, एवढ्यात वर्षभर औषधोपचार होई. वैद्यकांच्या संघटनांना मात्र ही स्वस्ताई मानवली नाही.

या व्यवस्थेत दोष नव्हते असे मुळीच नाही. पहिला दोष हिशेबाचा. तरुण आणि म्हातारा दोघांना एकच वर्गणी. त्यामुळे सभासद तरुण तोवर पेटी भरलेली आणि ते वृद्ध झाले की रिती. मँचेस्टरच्या संहतीचे चिटणीस हेन्री रॅटक्लिफ यांनी १८४६ ते १८४८ या काळातील हजारो सभासदांच्या आजारपणाचे आकडे जमवून १८५० मध्ये कोष्टके प्रसिद्ध केली. वयागणिक आजाराचे दिवस कसे वाढतात हे त्यांत दिसले आणि वयानुसार वर्गणी घेणे ओघानेच आले. अशा सुधारणांना विरोध होऊन काही शाखा फुटूनही निघाल्या. हिशेबाचे सत्य सांगणारा कोणत्याच संस्थेत लोकप्रिय नसतो.

दुसरा दोष दाराचा. अमेरिकेतील गोऱ्या ऑड फेलोंनी कृष्णवर्णीयांना दार उघडले नाही. तेव्हा पीटर ओग्डेन नामक कृष्णवर्णीय खलाशाने, इंग्लंडातील दुसऱ्या ऑड फेलो संहतीशी असलेल्या आपल्या संबंधाच्या बळावर, १८४३ मध्ये तिकडूनच सनद आणविली आणि न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र संघ उभा केला. योगायोग असा की, त्याच १८४३ साली आमच्या मुंबईतही तसाच प्रसंग घडला. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या युरोपियन लॉजने प्रवेश नाकारला होता. त्यांनी पॅरिस येथे फ्रीमेसनांची दीक्षा घेतली, आणि डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत एतद्देशीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघाले. बंधुत्वाचा जप करणारे स्वतःच्या दाराशी कसे अडतात, याचे हे दोन दाखले. एकाच ज्ञातीसाठी असलेल्या संस्थेचे सभासद म्हणून आम्हीही ते खाली मान घालूनच वाचावेत, हे उत्तम.

आता ओहोटी. इंग्लंडात १९११ च्या विमा कायद्याने सरकारने आजारपणाचा विमा सक्तीचा केला. प्रथम तो अशा संघांमार्फतच चाले. पण १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा व नवी विमायोजना अमलात येताच मधला दुवा सरकारला नकोसा झाला. अमेरिकेत कारखानदारांनी कामगारांचा सामूहिक विमा सुरू केला, विमा कंपन्या दारोदार गेल्या, १९२९ नंतरच्या मंदीत बेकारांची वर्गणी थकली आणि १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा आला. जोडीला मोटार, चित्रपट व रेडिओ होतेच. फ्रीमेसनांची अमेरिकेतील संख्या दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ वाढून १९५९ मध्ये ४१ लाखांवर गेली. आज ती १० लाखांच्याही खाली आहे. डेव्हिड बेटो हे इतिहासकार साहाय्याचे काम सरकार, कंपन्या व डॉक्टर यांच्याकडे गेल्यावर भर देतात, तर रॉबर्ट पटनम दूरचित्रवाणी आणि बदललेली पिढी यांच्यावर. आम्हास दोन्ही पटतात. संध्याकाळी घराबाहेर पडण्याचे कारण एकाने नेले आणि घरात बसण्याचे कारण दुसऱ्याने दिले.

या बदलास आम्ही वाईट म्हणणार नाही. आजाऱ्याला मदत मिळावी ती हक्काने, शाखेच्या मर्जीने नव्हे. पण पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. भरभराटीच्या काळात ऑड फेलोंनी गावोगाव दोनतीन मजली इमारती बांधल्या होत्या. खाली दुकाने भाड्याने, वर सभागृह. साहाय्याचे काम संपले, विधी उरले, इमारतीही उरल्या. पण ज्यांच्या घरी दुखण्यात कोणी कधी आले नाही, त्यांच्या मुलांना त्या जिन्याने वर चढण्याचे प्रयोजन दिसेना. म्हातारे एकेक करून गेले आणि इमारती विकल्या गेल्या. छप्पर शाबूत होते, माणसे नव्हती. संघ आजही आहे, पण पूर्वीच्या मानाने अगदी लहान.

आपल्या संस्थेचे जुने इतिवृत्त-पुस्तक या निमित्ताने आम्ही चाळले. त्यात एका सभासदाच्या विषमज्वराच्या दुखण्याची नोंद आहे. निधीतून किती रुपये दिले ते एका ओळीत. त्याखाली सात रात्री उशाशी कोण कोण बसले त्यांची नावे, अर्धे पान भरून. विमा कंपनी त्यातील पहिली ओळ आज आमच्यापेक्षा चांगली भरील. उरलेले अर्धे पान ती भरणार नाही. मुले परगावी वा परदेशी आहेत अशी वृद्ध जोडपी आपल्या ज्ञातीत आज किती, याची साधी यादीही आमच्यापाशी नाही.

म्हणून आमची सूचना एवढीच. साहाय्य निधी बंद न करता त्याचे काम बदलावे. अशा घरांची यादी करावी, दर विभागास दोन सभासद नेमावेत, आणि रुग्णालयाच्या खेपा व रात्रीची सोबत यांसाठी निधीतून खर्च व्हावा. ज्याच्या घरी जावयाचे तो आपल्या ज्ञातीचा नसून नुसता शेजारी असला तरी हरकत घेऊ नये. सभागृहाचे छप्परही दुरुस्त झालेच पाहिजे. त्यासाठी वेगळी वर्गणी काढावी, आणि तिच्या यादीत आमचे नाव आरंभी लिहून घ्यावे.