वाघ-मानव संघर्ष : नागपूर आणि विदर्भ

विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा व यवतमाळ या जिल्ह्यांत पट्टेदार वाघाच्या, आणि काही प्रमाणात बिबटाच्या, हल्ल्यांत होणारी जीवितहानी, ती टाळण्यासाठी योजलेले उपाय आणि त्यावरून गेली अनेक वर्षे चाललेला धोरणाचा वाद या सगळ्यांचा समावेश या नोंदीत आहे. माणसे मरतात ती ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा, राळेगाव या तालुक्यांत. त्यासंबंधीचे निर्णय मात्र नागपुरात होतात. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय नागपूरच्या वनभवनात आहे. त्यांच्या आदेशांना आव्हान दिले जाते ते मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचे विभागीय कार्यालय याच शहरात आहे, पकडलेले वाघ याच शहरालगतच्या गोरेवाड्याला आणले जातात, आणि दर डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की हा प्रश्न सभागृहात येतो.

पार्श्वभूमी : ब्रिटिश काळात नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती. तेव्हा सरकार वाघ मारणाऱ्याला बक्षीस देत असे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने हे चित्र पूर्ण उलटे केले. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. पुढे ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर हे प्रकल्प आले. राष्ट्रीय व्याघ्रगणनेनुसार महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३ वाघ होते. २०१० मध्ये १६९, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. सोळा वर्षांत चौपटीहून अधिक झालेली ही वाढ वनरक्षकांच्या आणि जंगलालगतच्या गावकऱ्यांच्या सहनशीलतेची कमाई आहे, आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु हे सारे वाघ प्रकल्पांच्या सीमेत मावलेले नाहीत. दीड-दोन वर्षांचा बछडा आईपासून वेगळा झाला की त्याला स्वतःचे क्षेत्र लागते. ताडोब्यात जागा नसते, म्हणून तो उत्तरेला ब्रह्मपुरी वनविभागात उतरतो. तिथे सलग जंगल नाही. धानाची बांधी, मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोडी, नाल्याकाठची झुडपे, बांबूचे तुकडे आणि मध्ये मध्ये गावे अशी ती भूमी आहे. वाघाला पाणी मिळते, रानडुक्कर मिळते, गाय-बैल मिळतो, दिवसभर दडायला झुडूप मिळते. माणूसही त्याच झुडपाशी सरपणाला येतो.

संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०२० ते २०२४ या पाच वर्षांत देशात वाघांच्या हल्ल्यांत जितके मृत्यू झाले, त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या महाराष्ट्रातील आहेत, आणि त्यांत सर्वाधिक भार चंद्रपूर जिल्ह्यावर आहे.

हल्ला कसा होतो : बळींमध्ये गुराखी, सरपण गोळा करणारे, मोहफुले वेचणारे आणि तेंदूपत्ता तोडणारे यांचे प्रमाण ठळक आहे. मोह रात्री गळतो, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये बाया उजाडण्यापूर्वीच झाडाखाली पोहोचतात. तेंदूचे काम त्याहून धोक्याचे. पाला कोवळा यावा म्हणून हंगामाआधी झुडपे छाटतात. नवी पाने गुडघ्या-मांडीच्या उंचीवर फुटतात आणि ती तोडायला दिवसचे दिवस ओणवे राहावे लागते. ओणवा किंवा बसलेला माणूस वाघाला उभ्या माणसासारखा दिसत नाही. चार पायांच्या भक्ष्याचा आकार दिसतो. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. मजुरी पुड्यावर असल्याने जो लवकर निघेल आणि लांबवर, दाट झाडीत जाईल त्याला चांगला पाला मिळतो. सोबतच्या बायका पाने तोडता तोडता पांगतात, आणि एकीची हाक दुसरीला पोहोचेनाशी होते. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही वनपरिक्षेत्रात मेंढा-माल गावच्या तीन महिला एकाच दिवशी तेंदूपत्ता तोडताना मारल्या गेल्या. त्या जंगलात वाघ आहे हे गावाला ठाऊक नव्हते असे नाही. हंगाम मात्र वर्षातून एकदाच येतो, आणि खरिपाच्या बियाण्यांचा पैसा त्यातूनच उभा राहतो.

कायदा : वाघ आणि बिबट दोन्ही कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत. कलम ११ प्रमाणे असा प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला आहे, अशी खात्री पटल्यावर केवळ मुख्य वन्यजीव रक्षकच लेखी कारणे देऊन त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो; आणि तो प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही याची खात्री झाल्याखेरीज त्याला मारण्याचा आदेश निघत नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌हेतूने प्राणी मारणे हा याच कलमानुसार गुन्हा नाही. ही तरतूद गावोगावी फारशी कुणी समजावून सांगितलेली नाही.

आदेशाआधी प्राणी ओळखावा लागतो, आणि सगळा वेळ तिथेच जातो. वाघाच्या अंगावरील पट्टे प्रत्येकाचे निराळे असतात. डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. म्हणून घटनास्थळाभोवती वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ट्रॅप कॅमेरे बांधतात, पगमार्क तपासतात, मृताच्या जखमेवरील लाळ आणि केस डीएनए तपासणीला पाठवतात. त्या भागात दोन-तीन वाघ फिरत असले, तर कुठल्या वाघाने मारले हे ठरवायला आठवडे लागतात. बेशुद्ध करणेही दिसते तितके सोपे नाही. डार्ट मारायला पंचवीस-तीस मीटरपर्यंत पोहोचावे लागते, औषधाचा अंमल चढायला काही मिनिटे जातात, आणि तेवढ्यात वाघ झुडपात शिरला तर शोधणाऱ्यांच्याच जिवावर बेतते. अंधारात डार्ट मारायचा नाही हा दंडक त्यासाठीच आहे.

अवनी प्रकरण : यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा-राळेगाव परिसरात २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या १३ मृत्यूंशी टी-१ या वाघिणीचे नाव जोडले गेले. वन्यजीवप्रेमी तिला अवनी म्हणत. ४ सप्टेंबर २०१८ रोजी वनविभागाने, आधी पकडण्याचा प्रयत्न करावा आणि ते न जमल्यास मारावे, असा आदेश काढला. नागपूर खंडपीठाने तो रोखला नाही आणि ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. त्यानंतरची मोहीम देशभर गाजली. शेकडो कर्मचारी, ट्रॅप कॅमेरे, पॅराग्लायडर, परदेशी जातीचे शिकारी कुत्रे, वाघिणीला आकर्षित करण्यासाठी शिंपडलेले अत्तर, असे सारे आणले गेले. ताडोब्याहून मोहिमेसाठी आणलेला गजराज हा हत्ती साखळी तोडून पळाला आणि चाहांद गावात एका महिलेचा जीव गेला. जिला वाघिणीपासून वाचवायचे होते तिला मोहिमेनेच मारले. या प्रकरणातली ही सर्वांत दुःखद आणि सर्वांत कमी बोलली गेलेली बाब आहे.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ वाघीण गोळीने मारली गेली. शिकारी शफात अली खान यांना काम सोपवले होते. गोळी झाडली त्यांचे पुत्र असगर अली यांनी. पशुवैद्यक सोबत नव्हता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी पथकाने कार्यपद्धतीचे उल्लंघन झाल्याचे नमूद केले. दिल्ली-मुंबईत निषेध झाले, तत्कालीन केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यावर उघड टीका केली. परिसरातल्या गावांत मात्र फटाके फुटले, मिठाई वाटली गेली. हे दोन्ही प्रतिसाद खरे होते. दोन वर्षे शेतात जायला घाबरणाऱ्या माणसाला क्रूर म्हणणे जितके चूक, तितकेच रात्रीच्या अंधारात नियम मोडून झालेल्या कारवाईला शौर्य म्हणणे चूक. वाघिणीची मादी बछडी २२ डिसेंबर २०१८ रोजी पकडून पेंचला नेली. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडल्यानंतर थोड्याच दिवसांत ती जखमी होऊन मेली.

या प्रकरणाशेजारी सीटी-१ हा वाघ ठेवून पाहावा. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागांत मिळून या वाघाने १३ जणांचे बळी घेतले. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी तो वडसा वनक्षेत्रात बेशुद्ध करून जिवंत पकडला गेला आणि गोरेवाड्याला आला. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये राजुऱ्याचा आरटी-१ पिंजऱ्यात सापडला होता. म्हणजे जिवंत पकडणे शक्य आहे. पण सीटी-१ चा तेरावा बळी जाईपर्यंत तो मोकळा होता, हेही तितकेच खरे. चौथ्या-पाचव्या मृत्यूला ओळख पक्की झाली असती तर उरलेली माणसे आज घरी असती. जलद ओळख आणि जलद पकड यावर सर्वाधिक पैसा व माणसे लावायला हवीत, हे या दोन्ही प्रकरणांतून दिसते. उशीर झाला की गावाचा राग एका वाघावरून सगळ्या जंगलावर जातो.

स्थलांतर : ब्रह्मपुरीत पकडलेली एक वाघीण जुलै २०१७ मध्ये रेडिओ कॉलर लावून वर्ध्याच्या बोर प्रकल्पात सोडली. ती तिथे थांबली नाही. सुमारे ५०० किलोमीटर भटकली, वाटेत माणसे मेली. तिला मारण्याच्या आदेशावरील लढाई नागपूर खंडपीठात चालू असतानाच्या त्या दिवसांत, १४ ऑक्टोबरला, शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेचा धक्का लागून ती मेली. माणसाची चटक लागलेला प्राणी दुसऱ्याच्या दारात सोडू नये, हा धडा तेव्हा मिळाला. संघर्षात न पडलेल्या तरुण वाघिणींचे स्थलांतर ही वेगळी गोष्ट आहे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या, नंतर ताडोब्याच्या वाघिणी ओडिशातील सिमिलिपाल आणि सह्याद्री प्रकल्पातही गेल्या. त्यातली झीनत सिमिलिपालमधून बाहेर पडून थेट पश्चिम बंगालपर्यंत गेली होती.

विजेच्या तारेचा विषय इथे सोडता येत नाही. शेतकरी ती वाघासाठी लावत नाही, रानडुक्कर आणि रोह्यासाठी लावतो. एका रात्रीत धान किंवा हरभरा लोळवणाऱ्या डुकराचा बंदोबस्त करायला त्याच्या हाती दुसरे काही नसते. सौर कुंपणाचा धक्का प्राण्याला हुसकावतो, मारत नाही. त्यासाठी शासनाची अनुदान योजना आहे. ती प्रत्येक जंगलालगतच्या शेतापर्यंत गेली तर वाघही वाचतील.

नागपुरातील वाद : शहरालाही हा प्रश्न अपरिचित नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये मिहान परिसरात वाघ फिरत होता, मे २०२१ मध्ये बिबट्याने शहराच्या वस्तीत अनेक दिवस वनविभागाला झुलवले. डिसेंबर २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात मात्र चर्चा गाजली ती पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतील उसाच्या शेतात वाढलेल्या बिबट्यांमुळे. जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा पोशाख घालून विधानभवनात आले. वनमंत्री गणेश नाईक यांनी भरपाईवर कोट्यवधी खर्चण्यापेक्षा जंगलात शेळ्या सोडाव्यात, अशी कल्पना मांडली. बिबट्याला अनुसूची एकमधून खाली आणणे आणि माद्यांची नसबंदी या मागण्याही पुढे आल्या. शेळ्यांची कल्पना टिकणारी नाही, कारण उसात जन्मलेला बिबट शेळी खायला जंगलात जाणार नाही. आणि नसबंदी झालेली मादीही भुकेली असतेच. अनुसूची बदलण्याचा विचार मात्र गंभीरपणे करण्याजोगा आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी संरक्षित क्षेत्रांबाहेर नियंत्रित शिकारीला परवानगी द्यावी अशी भूमिका वारंवार घेतली, आणि केरळ विधानसभेने २०२५ मध्ये केंद्रीय कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक संमत केले. या भूमिकेत गावकऱ्याच्या जिवाची किंमत आहे. धोका असा, की मारण्याच्या परवानगीचा अधिकार खालच्या अधिकाऱ्यांकडे आला आणि ओळख पटवण्याची शिस्त त्याबरोबर आली नाही, तर मारला जाईल तो समोर दिसेल तो प्राणी; माणसे मारणारा प्राणी मोकळाच राहील.

संरक्षणाचे उपाय : वाघ दिसताच गर्दी आवरणारी गावातील तरुणांची प्राथमिक बचाव दले हा विदर्भात सर्वाधिक उपयोगी ठरलेला उपाय आहे. वाघाला घेरून व्हिडिओ काढणारा जमाव हटला की अर्धा धोका टळतो. ताडोब्याच्या सीतारामपेठ गावात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे वाघ गावाकडे येताच इशारा देतात. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेतून घरोघरी गॅस जोडण्या दिल्याने सरपणाच्या फेऱ्या कमी होण्यास मदत होते. सिलिंडर भरायला पैसे नसले की फेऱ्या पुन्हा सुरू होतात. वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे.

मृताच्या वारसांना मिळणारी रक्कम २०२३ मध्ये २५ लाख रुपये झाली. त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत राहतो. देशात इतकी भरपाई क्वचितच मिळते, आणि ती द्यायलाच हवी. पण सारा वाद प्राण्याचे काय करायचे याभोवती फिरतो, आणि माणूस त्या झुडपाशी का गेला हा प्रश्न मागे पडतो. ज्या जंगलात बछड्यांसह वाघीण आहे, ते तेंदूच्या हंगामात काही दिवस बंद ठेवणे वनविभागाला शक्य आहे. त्या दिवसांत तेथील कुटुंबांना बुडालेल्या पुड्यांची मजुरी मिळाली, तर बाया घरी थांबतील. मृत्यूनंतर २५ लाख मोजणाऱ्या शासनाने ही मजुरी आधी द्यावी, आणि नागपूरच्या पुढच्या अधिवेशनात तिची तरतूद व्हावी.