वेबसाइटचा मेनू चुकला तर पानं गुगलवर का येत नाहीत?

मामांच्या रोपवाटिकेची वेबसाइट मी बनवली होती. होमपेज गुगलवर यायचं, पण आंबा-चिकूच्या कलमांची पानं सर्चमध्ये दिसतच नव्हती. पावसाळा तोंडावर आलेला आणि मामा रोज विचारायचे, "झालं का रे?" चूक माझ्या मेनूत होती.

गुगलबॉट हा प्रोग्रॅम लिंक धरून एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो. तो आपल्यासारखी बटणं दाबत नाही. ‘ए’ टॅगमध्ये ‘एचरेफ’ लिहून पत्ता दिला असेल, तरच लिंक त्याला खात्रीने कळते. मी मेनू ‘डिव्ह’ आणि ‘ऑनक्लिक’ने केला होता. आपण बोट लावलं की पान उघडायचं, गुगलबॉटला मात्र रस्ताच नव्हता.

मग मी हे बदल केले:

१. प्रत्येक पर्यायाला ‘ए’ टॅग आणि ‘एचरेफ’ दिला.
२. ‘इथे पाहा’ऐवजी ‘आंब्याची कलमं’ असं स्पष्ट नाव लिहिलं.
३. मोबाईलच्या मेनूतही सगळ्या लिंक ठेवल्या, कारण गुगल इंडेक्सिंगसाठी मोबाईलवरचं पान बघतं. तीन रेघांचा मेनू बंद असला तरी चालतो, लिंक एचटीएमएलमध्ये हव्यात.
४. सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप दिला.

लिंक सापडली म्हणजे पान इंडेक्स होईलच असं नाही, पण सुरुवात तिथूनच होते.

तुमची साइट आत्ताच तपासा. फोनवर क्रोममध्ये मेनूतलं नाव दाबून धरा. ‘नवीन टॅबमध्ये उघडा’ असा पर्याय आला, तर ती खरी लिंक आहे. नाही आला, तर आधी मेनू दुरुस्त करा.