होल सॉचे कूळ : कवटीपासून फिशटँकपर्यंत

ॲक्रिलिकच्या फिशटँकला ओव्हरफ्लोच्या पाइपासाठी भोक पाडायचे, तर होल सॉ लागतो : कडेला दाते असलेली पोलादी वाटी आणि मधोमध जागा धरून ठेवणारा बारीक ड्रिल. काचेच्या टँकला मात्र बिनदातांची, कडेवर हिऱ्याची पूड बसवलेली नळी लागते. दुकानात दोन्ही शेजारीशेजारी मांडलेले असतात, पण त्यांचे कूळ एक नाही.

नळीचे मूळ इजिप्तमध्ये. तिथले कारागीर तांब्याच्या नळीने ग्रॅनाइट कोरत. नळीच्या आत उरलेल्या दगडाला गाभा म्हणतात; गिझाच्या अशा गाभ्यांवरच्या चरांवरून पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी 1883 मध्ये असे मांडले, की नळीच्या कडेत कठीण रत्ने जडवलेली असावीत. पुढे डेनिस स्टॉक्स यांनी तांब्याची नळी आणि सुटी वाळू एवढ्यावर ग्रॅनाइटला भोके पाडून दाखवली. पेट्रींची रत्ने तिथेच निकालात निघाली म्हणायची. पण काचेसाठीची आजची नळी बनते ती नेमकी त्यांच्याच कल्पनेबरहुकूम.

होल सॉही याच नळीचा वंशज, असे मानण्याचा मोह होतो; गाभा दोघांतही उरतो. पण नळी झिजवते आणि होल सॉ कापतो. शिवाय नळीला मधली खीळ, म्हणजे होल सॉमधल्या बारीक ड्रिलसारखे काही, नाही. खीळ सुताराच्या गिरमिटालाही असते हे खरे, मात्र गिरमिट गाभा ठेवत नाही, सगळ्याचा भुसा करते. दाते, खीळ आणि गाभा हे तिन्ही एकत्र भेटतात ते रोमन शस्त्रक्रियेत. पहिल्या शतकातल्या केल्ससने ‘दे मेदिसिना’च्या आठव्या खंडात कवटी कापण्याच्या ‘मोदिओलुस’चे वर्णन केले आहे : पोकळ लोखंडी नळी, खालच्या कडेला दाते, मध्ये खीळ. खिळीमुळे दाते घसरत नाहीत; गोल खाच पडली की खीळ काढून घ्यायची, कारण पुढे मेंदूचे आवरण. सलग वंशावळ मांडता येत नसली, तरी होल सॉचा पूर्वज हाच.

वापराची रीतही जुळते. डोक्याच्या जखमांवरच्या हिप्पोक्रेटिक ग्रंथात बजावले आहे, की करवत वरचेवर काढून गार पाण्यात बुडवावी, नाहीतर ती तापून हाड भाजते. ॲक्रिलिकचे दुखणे तेच. ते साधारण 105 अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि उष्णता लवकर बाहेर सोडत नाही. कीस वितळून दातांत चिकटतो, भोकाच्या कडेत ताण राहतो आणि पुढे तिथूनच केसासारख्या भेगा फुटतात. म्हणून वेग कमी, पाण्याची धार चालू आणि कीस झटकायला मध्येमध्ये थांबणे. हाड शेवटपर्यंत एकदम कापू नये, असेही तो ग्रंथ सांगतो. ॲक्रिलिकलाही खालच्या बाजूने टवका उडतो तो शेवटच्या मिलिमीटरला. त्यासाठी मागे लाकडी फळी घट्ट बांधतात आणि हात हलका करतात.

लहान भोकांचा पिळाचा ड्रिल अलीकडचा. स्टीव्हन मॉर्स यांचे पेटंट 1863 चे. धातूसाठीचे 118 अंशांचे टोक आणि तिरकी धार ॲक्रिलिकमध्ये एकदम रुतते व तडा जातो. ॲक्रिलिकच्या ड्रिलचे टोक 60 ते 90 अंशांचे असते, आणि धार चावू नये, नुसती खरवडावी म्हणून घासून सरळ केलेली असते.

हत्यारांची अदलाबदल दोन्हीकडून फसते. हिऱ्याची नळी ॲक्रिलिकच्या चिकट किसाने बुजून नुसती तापत राहते, आणि होल सॉचे दाते काचेला भोकाआधीच तडकवतात.