नियोगी हत्या खटला : मारेकरी दोषी, कट असिद्ध

छत्तीसगडमधील कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे भिलाई येथील राहत्या घरी, झोपेत असताना गोळी झाडून हत्या करण्यात आली. या खटल्याचा अंतिम निकाल लागण्यास तेरा वर्षांहून अधिक काळ लागला. गोळी झाडणारा दोषी ठरला. हत्येमागील कट मात्र न्यायालयात सिद्ध झाला नाही. संघटनेचा हक्क बजावणाऱ्या नागरिकाच्या जीविताचे रक्षण आणि आरोपीला मिळणारा संशयाचा फायदा, या दोन्ही तत्त्वांच्या दृष्टीने हा खटला महत्त्वाचा मानला जातो.

आंदोलनाची पार्श्वभूमी

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. कारखान्याला लागणारे लोहखनिज दल्ली राजहरा येथील खाणींतून येत असे. या खाणींतील कंत्राटी कामगारांना संघटित करून नियोगी यांनी १९७७ मध्ये छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाची उभारणी केली. त्यापूर्वी आणीबाणीच्या काळात ते स्थानबद्ध होते. त्याच वर्षी जून महिन्यात दल्ली राजहरा येथे झालेल्या पोलीस गोळीबारात कामगार मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून शहीद रुग्णालय उभारले. ते १९८३ मध्ये सुरू झाले. वेतनवाढीबरोबरच दारूबंदी आणि आरोग्य हेही संघटनेच्या कार्याचे विषय होते.

भिलाई परिसरातील खासगी कारखान्यांत १९९० पासून आंदोलन सुरू झाले. जगण्यापुरते वेतन, कायम नोकरी आणि संघटनेला मान्यता या प्रमुख मागण्या होत्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने संघटना स्थापन करण्याचा मूलभूत हक्क दिला आहे. तथापि संघटनेत सामील झालेल्या अनेक कामगारांना कामावरून कमी करण्यात आले. १९९१ मध्ये खुद्द नियोगी यांना जुन्या खटल्यांच्या आधारे अटक झाली आणि त्यांच्या हद्दपारीची कार्यवाहीही सुरू करण्यात आली. सप्टेंबर १९९१ मध्ये त्यांनी दिल्लीत राष्ट्रपतींना निवेदन सादर केले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांची हत्या झाली.

आंदोलन पुढेही सुरू राहिले. १ जुलै १९९२ रोजी भिलाई येथे रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पंधराहून अधिक कामगारांचा मृत्यू झाला.

तीन न्यायालये, तीन निकाल

हत्येचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने केला. दुर्ग येथील सत्र न्यायालयाने जून १९९७ मध्ये पल्टन मल्लाह याला फाशीची, तर दोन उद्योजकांसह अन्य पाच जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. जबलपूर येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने जून १९९८ मध्ये या सर्वांची निर्दोष मुक्तता केली.

या निर्णयाविरुद्धच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २००५ रोजी निकाल दिला. न्या. के. जी. बालकृष्णन आणि न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या खंडपीठाने मल्लाह याला दोषी ठरवून जन्मठेप दिली. अन्य आरोपींची मुक्तता मात्र कायम ठेवली. झडती व जप्तीच्या कार्यपद्धतीत त्रुटी राहिल्या, एवढ्याच कारणावरून पुरावा त्याज्य ठरत नाही. आरोपीवर गंभीर अन्याय झाला आहे काय, हे पाहावे लागते, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे मारेकऱ्याविरुद्धचा पुरावा ग्राह्य ठरला.

नियोगी यांनी आपल्या जिवाला धोका असल्याचे दैनंदिनीत लिहून ठेवले होते आणि ध्वनिफितीतही नोंदवले होते. परंतु अशा नोंदींवरून कट सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. वैराचे कारण दाखवता आले, तरी सूत्रधार आणि मारेकरी यांना जोडणारी परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण व्हावी लागते.

मुंबईतील साम्य

ज्या वर्षी दुर्ग न्यायालयाचा निकाल लागला, त्याच वर्षी १६ जानेवारी रोजी मुंबईत कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांची हत्या झाली. त्या प्रकरणातही काही आरोपींना शिक्षा झाली. मात्र कटाच्या आरोपातून छोटा राजन याची विशेष न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये पुराव्याअभावी मुक्तता केली. प्रत्यक्ष मारेकऱ्यापर्यंत पोहोचलेला तपास कटाच्या पुराव्यापाशी कसा अडतो, हे दोन्ही खटल्यांतून दिसून येते.

नियोगी खटल्याच्या काळात पीडिताच्या कुटुंबाला आरोपीच्या मुक्ततेविरुद्ध स्वतंत्र अपिलाचा वैधानिक हक्क नव्हता. फौजदारी प्रक्रिया संहितेतील दुरुस्तीने तो ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे.

ठोस पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये, हे तत्त्व आरोपीच्या हक्कांचे रक्षण करते. मात्र धोक्याची पूर्वसूचना स्वतःच नोंदवून ठेवणाऱ्या नागरिकाला वेळीच संरक्षण मिळावे, ही अपेक्षाही जीविताच्या हक्काची हमी देणाऱ्या अनुच्छेद २१ मध्येच सामावलेली आहे. भिलाईत ही जबाबदारी पार पडली नाही, आणि ती उणीव नंतरच्या कोणत्याही निकालाने भरून निघण्यासारखी नव्हती.